हनोईत एकटी आहे, होस्टेलवरच्या पोरी रात्री बाहेर बोलवायल्यात, जाऊ का?

परभणीकरीण:
पहिल्यांदाच देशाबाहेर आलेय, व्हिएतनामला, तेही एकटी. ओल्ड क्वार्टरमधे डॉर्ममधे उतरलेय. तिथल्या दोघी, एक स्पेनची एक कोरियाची, मागंच लागल्यात की उद्या शनिवारी ता हिएन गल्लीत चल, बिया होई पिऊ, मग कुठंतरी नाचायला जाऊ. पोरी चांगल्या वाटायल्यात, काल होआन किएम तळ्याकाठी तिघी चार तास भटकलो तरी गप्पा संपल्या नाहीत. पण मी दारू पीत नाही, घरी माळ आहे, मांसमच्छी पण नाही, मग तिथं जाऊन काय दुसऱ्यांची तोंडं बघत बसू? आणि आई रोज दहाला व्हिडिओ कॉल करते म्हणजे इथं साडेअकरा!! गेलेल्यांनी सांगा काय सांभाळावं. 'एकट्या पोरीनं कशाला जायचं' हे म्हणायला घरचे आहेत, ते इथं नको.

लातूरचा भटक्या:
जा की ताई, कामून घाबरायल्या. ता हिएनला रस्त्यावरच बुटकी प्लॅस्टिकची स्टुलं टाकून बसतात, गुडघे हनुवटीला लागतात. बिया होई म्हणजे रोजच्या रोज केलेली एकदम हलकी ताजी बिअर, तुम्ही त्या ऐवजी 'नुओक मिया' मागा, आपला उसाचा रसच, फक्त लिंबाऐवजी कुमक्वात (बारकं आंबट संत्रं) पिळतात, आपल्या रसवंतीची सर नाही पण चालतंय. 'मोत, हाय, बा, झो' म्हणजे 'एक, दोन, तीन, चिअर्स' म्हणून ग्लास भिडवायचा, ग्लासात काय आहे ते कुणी बघत नाही.

जालन्याची माहेरवाशीण:
खाण्याचं मी सांगते. 'चाय' म्हणजे शाकाहारी, आणि आपल्या चहाला ते म्हणतात चा 😄 पाटीवर चाय दिसलं की खुशाल शिरा. नाहीतर नुसत्या भाजीतपण मासळीचा सॉस असतो, वरून कळत नाही. मी दोन दिवस मिटक्या मारत खाल्लं आणि मग कळलं, सासूबाईंना अजून सांगितलं नाही.

बीडकर७:
दारूचा विषय निघालाच आहे तर पिणाऱ्या मैत्रिणींनापण सांगा. शेजारच्या लाओसमधे वांग विएंगला नोव्हेंबर २०२४ मधे मिथेनॉल (विषारी अल्कोहोल) मिसळलेल्या दारूनं ६ परदेशी पर्यटक गेले, त्यातले काही तर विशीच्याही आतले होते. दारूत मिसळलं की त्याचा वेगळा वास ना चव, पिताना कळतच नाही. फुकटचे शॉट, बादलीतली कॉकटेल असलं काही घ्यायचं नाही, बिअर ठीक. आणि तुमचा रसाचा ग्लास सोडून नाचायला गेलात तर परत आल्यावर नवीन मागवा, वीस रुपड्यांसाठी जीव टांगू नका.

उदगीरकर:
परत यायचं आधी ठरवा, बाकी सगळं होतंय. ग्रॅबवरून (आपल्या ओला-उबरसारखं अ‍ॅप) कार बोलवा आणि ज्यानं एक ग्लास पण घेतलाय त्याच्या स्कूटरवर बसू नका, २०२० पासून तिथं गाडी चालवणाऱ्याला थेंबभर पण चालत नाही. पासपोर्ट लॉकरमधे ठेवा. २० हजार डाँगची (तिथलं चलन) आणि ५ लाखाची नोट दोन्ही निळ्याच असतात, अंधारात दिव्याखाली धरून शून्यं मोजा. मी ५ लाखाची देऊन आलोय, सतराशे रुपये गेले की हो! आणि आईला आधीच फोन करून मोकळ्या व्हा.

परभणीकरीण:
जाऊन आले!! उदगीरकर, शून्यं मोजली. बाकी सगळं पाळलं पण आईला आधी फोन करायचं राहिलंच, ऐन 'झो'च्या वेळी तिचा आला. दोघींनी मोबाईल ओढून घेतला आणि नमस्ते नमस्ते सुरू, मागं ही एवढी गर्दी, माझ्या पोटात गोळा. नाचायला गेलोच नाही, दीडपर्यंत तिथंच बसलो, कोरियाची पोरगी तिच्या आजीच्या गोष्टी सांगत होती. आईनं पूर्ण गल्ली बघितली आणि एवढंच विचारलं, एवढाल्या माणसांना पाटावर कामून बसवलंय.