मदत हवी आहे: सकाळच्या तक्त्याकडे मुलगा आता बघतच नाही

नमस्कार, आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. मुलगा ८ वर्षांचा, त्याला एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जातं, चंचलपणा जास्त असतो) आहे. "दात घास, दप्तर भर, बूट घाल" असं एका दमात सांगितलं की पहिलंच लक्षात राहतं. काल एक मोजा हातात धरून खिडकीत उभा, खाली रिक्षावाले मामा हॉर्न देतायत. हट्टीपणा नाही हो तो, सूचना डोक्यात टिकतच नाहीत. म्हणून कपाटावर चित्रांचा तक्ता लावला. एकेक काम झालं की तो कपड्याचा चिमटा खाली सरकवायचा. पंधरा दिवस छान चाललं, आता ढुंकूनही बघत नाही. चित्रं बदलू की कामं कमी करू? रविवारी रंकाळा तलावावर फिरायला गेलो की घडी विस्कटते, सोमवारी पुन्हा पहिल्यापासून. सुट्टीतही तुम्ही तोच क्रम ठेवता का? अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा.