रायफलला बाहेरचा स्टॉक (दस्ता) घेतला तरी बेडिंग, म्हणजे धातूचा भाग नीट टेकावा म्हणून स्टॉकमध्ये इपॉक्सी भरणं, करायचंच का?

लांबपल्ला:
माझं मत, करायचंच. फॅक्टरीचा स्टॉक काढून मी लॅमिनेटचा बसवला, अॅक्शन (बोल्ट बसतो तो, बॅरल जोडलेला धातूचा भाग) आत ठेवल्यावर वाटलं काय फिट बसलीय, पण ती दोन-तीन उंचवट्यांवर नुसती टेकलेली होती. अशात स्क्रू आवळले की अॅक्शन किंचित वाकते आणि दर गोळीच्या धक्क्याने जागा बदलते. १०० मीटरवर पाच गोळ्यांचा ग्रुप (सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर) ४५ मिमीच्या खाली येईना, दोन एकाच भोकात नि तिसरी भलतीकडेच. रिकॉइल लग (गोळीचा धक्का स्टॉकवर देणारा अॅक्शनखालचा ठोकळा) याच्या मागे आणि टँगखाली (अॅक्शनच्या मागच्या टोकाखाली) इपॉक्सी भरली, आता २५ मिमीच्या आसपास येतोय.

दहाचं_कडं:
नाही पटलं. इपॉक्सी भरताना बॅरलचं चॅनल (स्टॉकमधली बॅरलची खाच) पण तासलंत ना? स्क्रू आधी अंदाजाने आवळायचात आणि नंतर टॉर्क रेंचने (मोजून आवळायच्या पान्याने)? मग सगळं श्रेय एकट्या बेडिंगला कसं देता? माझं अॅल्युमिनियम चेसिस (स्टॉकऐवजी धातूची चौकट) आहे, व्ही खाचेत गोल अॅक्शन, स्क्रू ६५ इंच-पाउंडला, थेंबभर इपॉक्सी नाही आणि ग्रुप कायम २० मिमीच्या आत. नवीन माणसाला उगाच खर्चात का पाडायचं?

लांबपल्ला:
चॅनल तासलं होतं, खरंय. पण अहो चेसिसची गोष्टच वेगळी, मी लाकूड, लॅमिनेट आणि प्लास्टिकबद्दल बोलतोय. लाकूड स्क्रूखाली दबतं, दमट हवेत फुगतं, आज लावलेला टॉर्क महिन्याने तोच राहत नाही, त्यासाठीच तर पिलर (स्क्रूभोवती धातूच्या नळ्या) टाकतात.

लेथवाला:
भांडताय कशाला, मोजा की. रायफल रिकामी असल्याची खात्री करून ती उभी धरा, डायल इंडिकेटरचं (बारीक हालचाल सुईने दाखवणाऱ्या मापकाचं) चुंबक बॅरलला लावा, सुई स्टॉकच्या पुढच्या टोकावर टेकवा आणि एकेक स्क्रू सैल करून परत आवळा. सुई ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलली तर अॅक्शनवर ताण आहे, बेडिंग करा. जेमतेम हलली तर हात लावू नका. आणि करणार असाल तर रिलीज एजंट (इपॉक्सी चिकटू न देणारा लेप) सगळीकडे, अगदी स्क्रूच्या आट्यांनासुद्धा, नाहीतर अॅक्शन कायमची चिकटेल. लगच्या पुढून, खालून आणि बाजूंनी टेप लावा, मागची बाजू मात्र टेपशिवाय, धक्का तिथेच बसतो.

दहाचं_कडं:
हे पटलं. रविवारी माझ्या चेसिसला सुई लावून बघतो, हलली तर इथे येऊन सांगेन. पण सरसकट "करायचंच" म्हणायला माझा विरोध आहे तो आहेच.