बीएमआय नॉर्मल असला तरी कंबर मोजा

"बीएमआय 22 आहे, म्हणजे नॉर्मल, मग हार्टची कसली काळजी" असं कोणी म्हटलं तर मला नाही पटत. बीएमआय म्हणजे वजन भागिले उंचीचा वर्ग, बास, त्यात स्नायू किती नि चरबी किती हे कुठे कळतं? हातापायाने बारीक, वजन बरोब्बर पण पोट तेवढं पुढे, अशांना कोणी जाड म्हणत नाही त्यामुळे ते तपासण्याही करत नाहीत. चिमटीत येते ती कातडीखालची चरबी त्यामानाने बरी, खरी डेंजर ती आत लिव्हर-आतड्यांभोवती साठलेली, कारण तिच्यातली फॅटी ॲसिड्स थेट लिव्हरकडे जातात, मग ट्रायग्लिसराइड्स म्हणजे रक्तातली चरबी वाढते, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, साखर ताब्यात ठेवणारं इन्सुलिन नीट काम करेनासं होतं आणि शेवटी सगळं येतं रक्तवाहिन्यांवर.

घरी टेप असेलच. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा (पोट आत ओढायचं नाही हं!). माप उंचीच्या निम्म्याहून कमी हवं, उंची 170 सेंमी तर कंबर 85 च्या आत. पँटचा साइज धरू नका, ती पोटाच्या खाली बसते. आणि कंबर कमी करायला नुसतं खाणं तोडलं तर स्नायूही जातात, तेव्हा चालण्यासोबत आठवड्यातून दोनदा तरी वजनं उचलायचा व्यायाम हवाच.