दोन अंतिम सामने हरलेल्या मुलांपुढे प्रशिक्षकाने कसे उभे राहावे?

प्रश्न : पेठेतला प्रशिक्षक

मी कोल्हापुरात एका तालमीच्या सतरा वर्षांखालील संघाला फुटबॉल शिकवतो. या हंगामात आम्ही दोन अंतिम सामने हरलो. दुसरा टायब्रेकरमध्ये गेला, आणि ज्या मुलाचा फटका गोलरक्षकाने अडवला तो तेव्हापासून सरावाला आलेला नाही. जर्मन प्रशिक्षक युर्गेन क्लॉप यांनी डॉर्टमुंड आणि लिव्हरपूल हे दोन क्लब मिळून २०१३ ते २०१८ या काळात, सुपर कप वगळता, मोठ्या स्पर्धांचे सहा अंतिम सामने ओळीने गमावले आणि तरीही खेळाडूंचा त्यांच्यावरचा विश्वास उडाला नाही, हे मी वाचले आहे. हे केवळ त्यांच्या बोलण्याच्या हातोटीमुळे झाले, की त्यांच्या कामाच्या पद्धतीत असे काही होते जे आमच्यासारख्यांना उचलता येईल?

प्रतिसाद : मैदानकाठ

सर, क्लॉप समजून घ्यायचे असतील तर लिव्हरपूलपासून नव्हे, माइन्झपासून सुरुवात करावी. जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीतल्या या छोट्या क्लबसाठी ते अकरा वर्षे खेळले आणि २००१ मध्ये खेळणे थांबवून थेट त्याच संघाचे प्रशिक्षक झाले. २००२ मध्ये शेवटच्या दिवशी युनियन बर्लिनकडून ३-१ असे हरल्याने माइन्झची वरच्या श्रेणीतली बढती एका गुणाने हुकली. पुढच्या वर्षी शेवटच्या दिवशी त्यांनी ब्राउनश्वाइगला ४-१ असे हरवले, पण तिकडे फ्रँकफुर्टने ३-३ अशा बरोबरीतून अखेरच्या काही मिनिटांत तीन गोल केले. गुण समसमान झाले आणि गोलफरकात माइन्झ एका गोलाने मागे पडले. आपला सामना संपवून मैदानावर दुसऱ्या सामन्याच्या बातमीची वाट पाहत उभ्या असलेल्या त्या खेळाडूंची अवस्था आपल्या मुलांपेक्षा वेगळी नसावी. २००४ मध्ये मात्र ते ५४ गुणांवर वर गेले, म्हणजे बढती हुकलेल्या दोन्ही हंगामांपेक्षा कमी गुणांवर.

या तिन्ही वर्षांत प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच अर्ध्यात घेरून चेंडू हिसकावण्याची त्यांची पद्धत बदलली नाही. गुणतक्त्यातला निकाल आणि खेळाचा दर्जा या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या, हे मला त्यांच्या भाषणांपेक्षा महत्त्वाचे वाटते. माइन्झच्या खेळाडूंना त्यांनी एकदा स्वीडनमधल्या एका तळ्याकाठी पाच दिवस नेले होते. तिथे वीज नव्हती आणि खायचे ते स्वतःच मासे धरून मिळवायचे होते. (आपल्याकडे पालकांची परवानगी मिळणे कठीण, पण राधानगरीच्या जंगलात एखादा मुक्काम जमू शकेल.)

प्रतिसाद : हिशेबी हाफबॅक

वरच्या प्रतिसादातला तपशील बरोबर असला तरी चित्र अर्धे आहे. २०१८ मध्ये कीव्ह येथे रेआल माद्रिदविरुद्धच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलचा गोलरक्षक लोरिस कारियसच्या दोन ढोबळ चुका झाल्या. क्लॉप यांनी त्याला जाहीरपणे दोष दिला नाही, उलट सामन्यात त्याच्या डोक्याला मार बसला होता हे नंतर तपासणीतून पुढे आले तेव्हा त्याची बाजू घेतली. पण त्याच उन्हाळ्यात लिव्हरपूलने अॅलिसन बेकरसाठी तोपर्यंत गोलरक्षकाला कधी न मिळालेली किंमत मोजली आणि कारियस तुर्कस्तानातल्या बेशिक्ताशकडे उसना गेला. माणसाला सांभाळणे आणि त्याची जागा दुसऱ्याला देणे ही दोन्ही कामे एकाच प्रशिक्षकाने केली. व्यावसायिक फुटबॉलमध्ये ते करावेच लागते. आपल्याकडे सोळा वर्षांच्या मुलाला बदली खेळाडू विकत घेऊन बाजूला सारता येत नाही, आणि सारूही नये. म्हणून तिथली पद्धत जशीच्या तशी इथे आणताना सावध राहावे.

प्रतिसाद : कूपरेजची गॅलरी

परदेशी उदाहरणे वाचताना भारतीय संघाचे प्रशिक्षक राहिलेले हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम आठवले, कारण त्यांच्या हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईत रोव्हर्स कप जिंकला होता. पेशाने ते शिक्षक होते. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून २-० असा हरला. पुढे बचावपटू जर्नेल सिंगच्या डोक्याला जखम झाली, तेव्हा रहीम यांनी त्याला बाहेर न बसवता आघाडीवर खेळवले. अंतिम सामन्यात समोर पुन्हा कोरियाच होता, प्रेक्षक भारताच्या विरोधात होते, आणि २-१ अशा त्या विजयातला एक गोल जर्नेलचा होता. स्वतः रहीम तेव्हा कर्करोगाने आजारी होते आणि पुढच्याच वर्षी गेले. खेळाडूची एक क्षमता अडली तर त्याची दुसरी कोणती क्षमता कामी येईल, हे ओळखण्यासाठी त्याला खूप जवळून पाहिलेले असावे लागते. आपल्या त्या मुलाकडे पेनल्टीशिवाय दुसरे काय आहे, हे आपल्यालाच माहीत असणार.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. तो मुलगा डाव्या बगलेने उत्तम धावतो आणि चेंडू गेला की लगेच मागे फिरतो. हे मी त्याला आजवर एकदाही बोलून दाखवलेले नाही, हे लिहिताना लक्षात आले. उद्या सरावापूर्वी त्याच्या घरी जाणार आहे. पेनल्टीचा विषय तो काढेल तेव्हाच बोलेन. पुढच्या सामन्यात टायब्रेकर झालाच तर त्याचे नाव यादीत असावे की नसावे, याबद्दल मात्र माझे मत अजून ठरलेले नाही. हिशेबी हाफबॅक यांनी यावर लिहावे, ही विनंती.