नादाराच्या (दिवाळखोराच्या) तडजोडीला दोन धनकोंचा (कर्ज देणाऱ्यांचा) विरोध असेल तर न्यायालय मंजुरी देते का?

कृष्णाकाठ:
माझ्या मामांचे सांगली जिल्ह्यात कापडाचे दुकान होते. १९२० च्या प्रांतिक नादारी अधिनियमाखाली जिल्हा न्यायालयाने त्यांना नादार ठरवले आहे. नऊ धनकोंचे मिळून ४० लाखांचे विनातारण कर्ज शाबीत झाले असून, रुपयामागे ३० पैसे हप्त्याने देण्याची तडजोड मामांनी मांडली आहे. सात धनको राजी आहेत, परंतु ८ लाखांचे येणे असलेले दोघे हरकत घेणार आहेत. तेवढ्यावरून तडजोड फेटाळली जाईल का?

दिवाणी वकील:
तेवढ्यावरून नाही. कलम ३८ प्रमाणे, कर्ज शाबीत झालेल्या आणि स्वतः किंवा वकिलामार्फत हजर असलेल्या धनकोंपैकी निम्म्याहून अधिक जण राजी हवेत, आणि त्यांचे येणे हजर धनकोंच्या एकूण येण्याच्या निदान पाऊण हिस्सा हवे. आपले सात जण ३२ लाखांचे, म्हणजे ८० टक्के होतात; मात्र त्यांच्यातला १० लाखांचा एखादा धनको त्या तारखेला आला नाही, तर ३० लाखांपैकी २२ लाखच बाजूने उरतात आणि पाऊण हिस्सा भरत नाही. शिवाय बहुमत मिळाले तरी रिसिव्हरचा (नादाराची मालमत्ता सांभाळायला न्यायालयाने नेमलेल्या व्यक्तीचा) अहवाल आणि हरकती ऐकून, अटी वाजवी नाहीत किंवा सर्व धनकोंच्या हिताच्या नाहीत असे वाटल्यास न्यायालयाला मंजुरी नाकारावीच लागते. मामांच्या हिशेबाच्या वह्या नीट आहेत का?

कृष्णाकाठ:
शेवटची दोन वर्षे रोजमेळ लिहिलेला नाही.

दिवाणी वकील:
मग खरी अडचण विरोधकांची नसून तीच आहे. नादारीपूर्वीच्या तीन वर्षांत व्यवसायाला साजेशा वह्या ठेवल्या नाहीत असे सिद्ध झाले, तर सर्व विनातारण कर्जांवर रुपयामागे किमान सहा आणे, म्हणजे साडेसदतीस पैसे, मिळण्याची वाजवी हमी असल्याशिवाय न्यायालय तडजोड मंजूर करू शकत नाही. आपला देकार १२ लाखांचा आहे आणि तिथे १५ लाख लागतील, तेही नुसत्या शब्दावर नव्हे, तर तारण किंवा सक्षम जामीनदार देऊन. अटी धनकोंच्या फायद्याच्या होणार असतील, तर त्या सभेतच न्यायालयाच्या संमतीने बदलता येतात, म्हणून ही तजवीज आधीच करून ठेवावी.

बाजारपेठ:
एक कळकळीची विनंती आहे. त्या दोघांना गुपचूप जास्त पैसे देऊन गप्प करू नका. मंजुरी कपटाने मिळवली असेल तर कलम ४० खाली तडजोड रद्द होऊ शकते आणि माणूस पुन्हा नादार ठरवला जाऊ शकतो. हप्ता चुकला तरी तीच पाळी येऊ शकते. रीतसर मंजुरी मिळाली, तर मात्र नादारीचा आदेश रद्द होतो आणि तडजोड विरोध करणाऱ्यांनाही बंधनकारक ठरते.

कृष्णाकाठ:
मनापासून आभार. देकार १५ लाखांपर्यंत वाढवून त्या पूर्ण रकमेसाठी जामीनदार होण्याबाबत मावशींशी आजच बोलतो.