चर्चा : परिसरातील स्वयंसेवकांनी हातात झाडू घ्यावा की अंदाजपत्रक?

पर्वतीपायथा :

पुण्याच्या जवळपास प्रत्येक उपनगरात आज रहिवाशांचा एखादा तरी स्वयंसेवी गट आहे. कोणी रविवारी सकाळी नाल्याकाठचा कचरा उचलतो, कोणी टेकडीवरच्या रोपांना उन्हाळाभर पाणी घालतो, कोणी विसर्जनाच्या दिवशी हौदापाशी उभा राहून निर्माल्य गोळा करतो. या सगळ्यांविषयी मला मनापासून आदर आहे आणि त्यांपैकी काही कामांत मी स्वतःही असतो. तरीही एक मत ठामपणे मांडावेसे वाटते. परिसरासाठी देता येणारा वेळ थोडाच असेल, तर त्याचा मोठा वाटा महापालिकेच्या कामावर लक्ष ठेवण्यात खर्च व्हावा, ते काम आपण अंगावर घेण्यात नव्हे.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत आणि रस्त्यांची झाडलोट व कचरा उचलणे ही त्यांतलीच आहेत. त्यासाठी आपण मिळकतकर भरतो. परिसरातल्या ज्या कोपऱ्यावर कायम कचरा साठतो, ज्याला आरोग्य विभागही ‘क्रॉनिक स्पॉट’ म्हणतो, तो कोपरा आपण रविवारी लख्ख करतो आणि बुधवारपर्यंत तेथे पुन्हा ढीग दिसतो. याचे कारण लोकांची बेशिस्त एवढेच नसते. घंटागाडी येते त्या वेळी घरात कोणी नसते, भाड्याच्या खोल्यांतली मुले पहाटे कामावर जातात, हातगाडीवाल्यांचा कचरा रात्री निघतो आणि त्या वेळी तो घ्यायला कोणीही नसते. गाडीची वेळ बदलणे, रात्रीची फेरी सुरू करणे, त्या रस्त्यावरच्या झाडणकामाला माणूस वाढवून देणे हे निर्णय आरोग्य कोठीवर, म्हणजे झाडणकामगारांच्या हजेरीच्या ठिकाणी, आणि महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात होतात. आपण गुपचूप साफ केलेल्या कोपऱ्याची तक्रार नोंदली जात नाही आणि नोंद नसलेल्या अडचणीसाठी पुढच्या वर्षी तरतूदही होत नाही.

लक्ष ठेवण्यासाठीच्या जागा मात्र ओस पडल्या आहेत. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून लागू झाली, तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आवश्यक केल्या. पुढे राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली, म्हणजे काही मतदान केंद्रांचा मिळून एक भाग आणि त्यातले सगळे मतदार त्या सभेचे सदस्य. ग्रामसभा गावकऱ्यांना ठाऊक असते, पण क्षेत्रसभा हा शब्द आपल्या सोसायटीत किती जणांनी ऐकला आहे? पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू केली. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा असतो आणि पदपथ, दिवे, बाक, बसथांबा अशी आपल्या प्रभागातली छोटी कामे त्यात सुचवता येतात. मोहल्ला कमिटीच्या, म्हणजे नागरिक आणि महापालिकेचे अधिकारी यांच्या, बैठकाही क्षेत्रीय कार्यालयात होतात. पन्नास माणसे प्लॅस्टिक वेचायला येतात आणि या बैठकीला त्यांतली दोन येत नाहीत, हे मला खटकते.

महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवकच नव्हते आणि सगळा कारभार प्रशासकाच्या हाती होता. त्या आधीही एकेका प्रभागात बहुधा चार नगरसेवक असल्यामुळे कोणाला जाब विचारायचा, हे मतदाराला कळत नव्हते. अशा स्थितीत जागरूक रहिवाशांचा गट हाच कामाची स्मृती जपणारा एकमेव दुवा असतो, आणि त्या गटाची सगळी शक्ती झाडूत संपू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

टेकडीवाला :

आपल्या तळमळीबद्दल शंका नाही, पण मांडणी मला मान्य नाही. ‘महापालिकेचे काम’ आणि ‘नागरिकाचे काम’ अशी जी रेघ आपण ओढली आहे, ती कचऱ्याच्या बाबतीत कायद्यानेच पुसली आहे. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ ने ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा करून देणे हे प्रत्येक घराचे कर्तव्य ठरवले आणि दिवसाला १०० किलोंपेक्षा जास्त कचरा करणारी सोसायटी अथवा संस्था ‘मोठी कचरा निर्माती’ ठरवली. ओला कचरा शक्यतो जागेवरच जिरवण्याची जबाबदारी तिची आहे. हे काम पाठपुराव्याने होणारे नाही. कोणीतरी रोज खड्ड्यात हात घालून खत उलटेपालटे करावेच लागते.

उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी आपल्या शहराचा कचरा वर्षानुवर्षे सोसला. तेथील विहिरींचे पाणी बिघडले, डेपोला आगी लागल्या, आंदोलने झाली, गाड्या अडवल्या गेल्या. गाड्या अडल्या की शहरात ढीग साचत आणि आम्ही महापालिकेला दोष देत असू. त्या गावकऱ्यांना आपण कोणते अंदाजपत्रक दाखवणार आहोत? आपल्या ताटातले उरलेले अन्न त्यांच्या शिवारात जाऊ नये, यासाठी जे करायचे ते आपल्याच आवारात करावे लागेल.

दुसरे म्हणजे, माणसे बैठकीने जमत नाहीत, कामाने जमतात. गाडगेबाबा गावात आले की आधी रस्ता झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. दिवसभर झाडलेल्या रस्त्यामुळेच रात्रीचा उपदेश लोक ऐकून घेत. टेकडीवर तीन उन्हाळे पाणी वाहून नेलेला माणूस त्याच टेकडीवरून रस्ता जाणार असे कळल्यावर हरकत नोंदवायला सर्वांत आधी धावतो, कारण तेथले झाड त्याच्या ओळखीचे असते. आपण ज्या दोन माणसांची अपेक्षा धरता, ती या पन्नासांतूनच तयार होतील. आधी बैठक आणि मग श्रमदान असा क्रम मी कोठे यशस्वी झालेला पाहिला नाही.

ओलासुका :

दोघांच्याही लेखनात एक व्यक्ती दिसत नाही आणि रोज सकाळी आपल्या दारात येणारी तीच आहे. पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था करते. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेतून ती उभी राहिली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. तिच्या तीन हजारांहून अधिक सभासदांत स्त्रिया बहुसंख्य आहेत. त्यांना महापालिकेकडून पगार मिळत नाही. घरोघरी मिळणारे मासिक शुल्क आणि सुक्या कचऱ्यातून निघणाऱ्या भंगाराची विक्री यांवर त्यांचे घर चालते.

आता परिसरातल्या उत्साही गटांचे एक काम पाहू. महिन्यातून एकदा ‘प्लॅस्टिक व पुठ्ठा संकलन’ होते, टेम्पो येतो, बाटल्या, पुठ्ठे, दुधाच्या पिशव्या भरून नेतो आणि सगळ्यांना समाधान वाटते. टेम्पोत जाणारा माल हाच कचरावेचकाच्या कमाईचा भाग असतो. तिच्याकडे उरते ते ओले, कुजणारे, वास मारणारे आणि ज्याला बाजारात कोणी विचारत नाही असे बहुपदरी वेष्टन. हेतू कितीही चांगला असला, तरी अशा श्रमदानाने एका कष्टकरी बाईच्या ताटातला घास कमी होतो. म्हणून कोणताही उपक्रम ठरवण्याआधी गल्लीतल्या कचरावेचक ताईंना बोलावून विचारावे, ही माझी पहिली मागणी आहे.

स्वयंसेवकांना खरेच मदत करायची असेल, तर काम भरपूर आहे. सॅनिटरी नॅपकिन आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून वेगळे द्यावेत, म्हणजे वर्गीकरण करणाऱ्या हातांना ते उघडावे लागत नाहीत. हे दारोदार जाऊन सांगणे हे मोठे काम आहे, कारण एका घराने पाळले आणि शेजाऱ्याने नाही, तर उपयोग शून्य. सोसायटीत वर्गीकरणासाठी छताखालची जागा, हात धुवायला पाणी आणि साबण, लिफ्ट वापरण्याची मुभा, शुल्क ठरलेल्या तारखेला देणे, या गोष्टी मंजूर करून घेणे हीदेखील स्वयंसेवाच आहे आणि त्यासाठी क्षेत्रीय कार्यालयात जावे लागत नाही. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत उभे राहावे लागते, आणि माझ्या अनुभवाने ते अधिक अवघड आहे.

घाटकोपरकर :

मुंबईचा अनुभव येथे उपयोगी पडावा. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आमच्याकडे ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’, म्हणजे ‘एएलएम’ सुरू झाले. गल्लीतल्या रहिवाशांनी समिती करायची, ओल्या कचऱ्याचे खत करायचे आणि महापालिकेने तिला दाद द्यायची, असा तो व्यवहार होता. बऱ्याच गल्ल्यांत त्याचा खरोखर फायदा झाला. नंतर अनेक समित्या नुसत्या नावाला उरल्या, कारण सारा भार दोन-तीन निवृत्त माणसांवर होता आणि ती थकल्यावर त्यांची जागा घेणारे कोणी नव्हते.

झोपडपट्ट्यांत दुसरीच योजना आली, ‘दत्तक वस्ती’. तेथे वस्तीतल्या संस्थांनी माणसे नेमून गल्ल्या झाडायच्या, गटारे साफ करायची, आणि त्या माणसांना स्वयंसेवक म्हणून मानधन मिळायचे. रोजचे, घाणीतले, अंगमेहनतीचे काम. पण कामगार म्हणून मान्यता नसल्याने किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधीचा प्रश्न कायम लोंबकळत राहिला. इमारतीतल्या माणसाची स्वयंसेवा रविवारची आणि वस्तीतल्या माणसाची सहा दिवसांची, हा फरक मला अस्वस्थ करतो. त्यामुळे मूळ लेखकाच्या भूमिकेला माझा पाठिंबा आहे, पण कारण वेगळे आहे. नियमित चालणारे काम जेव्हा सेवाभावावर सोपवले जाते, तेव्हा त्याची किंमत बहुधा गरीब माणूस चुकवतो.

रात्रपाळी :

मोहल्ला कमिटी, अर्ज, सुनावणी हे सगळे कामाच्या दिवशी, कार्यालयीन वेळेत असते. माझ्यासारख्याला सुट्टी मिळते ती रविवारी. मग मी झाडू घेतो, कारण तेव्हा तेवढेच करता येते. बैठकीला न येणाऱ्यांना आस्था नाही, असा निष्कर्ष कृपया काढू नये.

पर्वतीपायथा :

रात्रपाळी, तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि त्यावरची मागणी आपण एकत्र करू शकतो. मोहल्ला कमिटीची बैठक महिन्यातून एकदा शनिवारी सायंकाळी घ्यावी आणि तिचे इतिवृत्त कार्यालयाच्या फलकावर लावावे, एवढे लेखी मागितले तर त्यात नकार देण्यासारखे काही नाही. नोकरी करणाऱ्या आणि घरकाम सांभाळणाऱ्या दोघांनाही त्याचा लाभ होईल.

ओलासुका, भंगाराच्या टेम्पोविषयी आपण लिहिलेले आमच्या गटापुढे मी वाचून दाखवणार आहे. आमच्याकडे असे संकलन होते आणि कचरावेचक ताईंशी त्याबद्दल कोणी बोलल्याचे मला आठवत नाही.

टेकडीवाला, ओला कचरा आवारात जिरवणे हे नागरिकाचेच कर्तव्य आहे, यात वाद नाही. माझा आक्षेप होता तो सार्वजनिक रस्ता, नाला आणि पदपथ यांपुरता. माणसे कामाने जमतात हेही खरे, पण जमल्यावर त्यांना पुढे कोठे न्यायचे हे कोणी ठरवतच नाही. दर रविवारच्या शेवटी दहा मिनिटे काढून त्या दिवशी काय सापडले, कोणत्या दुकानाचा किंवा बांधकामाचा राडारोडा होता, कोणता दिवा बंद होता, झाकण कोठे तुटले होते, हे छायाचित्रांसह नोंदवून तक्रार क्रमांक घेतला, तर तेच श्रमदान पुराव्याचे काम करील. असे करायला आपला गट तयार होईल का?

टेकडीवाला :

तयार होईल, पण माझी एक अट आहे. तक्रार क्रमांक घेणाऱ्याने तो पुढच्या रविवारी येऊन सर्वांना सांगावा, काम झाले की नाही तेही सांगावे, आणि त्या दिवशी कचरा उचलायलाही थांबावे. नोंदी करणारे वेगळे आणि वाकणारे वेगळे, अशी विभागणी आमच्याकडे एकदा झाली होती. तेव्हा वाकणारी माणसे हळूहळू यायची थांबली. दोन्ही कामे फिरती असतील, तर येत्या रविवारी मी स्वतः वही घेऊन येतो आणि त्यानंतरच्या रविवारी ती आपण घ्यावी.

ओलासुका :

वहीत एक रकाना कचरावेचक ताईंसाठीही ठेवावा. कोणत्या इमारतीतून मिसळलेला कचरा येतो, हे आरोग्य निरीक्षकाच्या आधी त्यांना माहीत असते.