तैलरंगात मोनालिसाची नक्कल: आधी चेहरा की मागचा देखावा?

गिरगावकर_चित्रे
मोनालिसा अर्ध्या आकारात करतोय. मूळ चित्राची लाकडी फळी ७७ × ५३ सेंटिमीटर, म्हणून १६ × १२ इंची कॅनव्हासवर ३८.५ × २६.५ सेंटिमीटरची चौकट आखलीय. रॉ अंबर या मातकट तपकिरी रंगात छायाप्रकाश बसवून झालाय. आता आधी चेहरा घ्यावा की देखावा? शिवाय आकाशाचा थर आठवडा उलटला तरी बोटाला चिकटतोय. जवसाचं तेल सढळ हाताने घातलं होतं. पावसाळ्याचा परिणाम का?

कुंचला_माहीम
आधी देखावा. केसांवरच्या झिरझिरीत ओढणीची आणि खांद्याची कड मागच्या रंगात विरायला हवी. चेहरा आधी संपवलात तर कडेकडेने रंग भरत बसाल आणि डोकं कात्रीने कापून चिकटवल्यासारखं दिसेल.

क्षितिज तपासा. डावीकडचं उजवीकडच्यापेक्षा खाली आहे; डोक्यामागून एकच सरळ रेघ ओढली असेल तर आत्ताच पुसा. लांबच्या डोंगरांना अल्ट्रामरिन (गडद निळा), पांढरा आणि किंचित रॉ अंबर. डावीकडची वळणाची वाट, उजवीकडचा पूल यांना यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). गडद-उजळ फरक जवळच्या भागात ठेवा, लांबच्या भागात जवळपास मिटवा, नाहीतर डोंगर पुढे येतात.

चिकटपणाचं मुख्य कारण तेल. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. दमट हवेत ते आणखी रेंगाळतं. हा थर पॅलेट नाइफने खरवडा, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा. पहिला थर नुसत्या टर्पेंटाइनने पातळ करायचा, दुसऱ्याला दोन भाग टर्पेंटाइन आणि एक भाग तेल, ग्लेझला (वरच्या पातळ, पारदर्शक थराला) निम्मं-निम्मं. खाली तेलकट आणि वर कोरडा थर आला की वरचा तडकतो.

गिरगावकर_चित्रे
खरवडतो. वाळेपर्यंत कपाटात ठेवलं तर चालेल?

रेषा_पार्ले
अजिबात नको. अंधारात तेल पिवळं पडतं आणि पावसाळ्यात कॅनव्हासला बुरशी धरते. खिडकीजवळ, थेट ऊन न लागणाऱ्या जागी, भिंतीपासून सुटं ठेवा.

रंग मूळ चित्राच्या फोटोवरून जुळवू नका, जुन्या व्हार्निशमुळे तो पिवळसर दिसतो. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातली जुनी प्रत पाहा. ती साफ करून २०१२ मध्ये दाखवली गेली. तिच्यात आकाश निळं आणि बाह्या लालसर स्पष्ट दिसतात.

ओठांच्या आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांत रेघ मुळीच नको. रंग चिकटसर होत आला की कोरड्या मऊ ब्रशने अलगद, जेमतेम टेकवत फिरवा. ओल्या रंगावर फिरवलात तर खालचा अंबर उचलला जाऊन चेहरा मळतो.

आणि तेलाची फडकी चुरगळून डब्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून पसरून ठेवा.